नाशिक की वापी

सत्त्याऐंशी साली ठाण्यातली कंपनी बंद पडली. माझ्या नवऱ्याला, कान्हाला, साहेबानं सांगितलं, नाशिकच्या कारखान्यात जातोस की वापीच्या, ते उद्या सांग. आम्ही कोळी. काही अडलं की देवीला कौल लावतो. थोरल्या दिरानं, दामाजीनं, देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर नाशिक, डावं पडलं तर वापी.

कान्हाला नाशिकच हवं होतं. फूल पडेना, तसा तो उजव्या फुलाला हळूच बोट लावायला गेला. दामाजीनं समई उचलून त्याच्या कपाळात हाणली. कान्हानं त्याचा गळा धरला आणि रक्त येईपर्यंत त्याचं डोकं भिंतीवर आपटलं.

मी मासळी कापायचा कोयता उचलला आणि दोघांच्या मधे पाटावर असा घातला, की पाट दुभंगला.

"मेल्यांनो, नौपाड्यात मासळीची पाटी घेऊन मी बसते, म्हणून या घरात चूल पेटते. मला विचारलंत कुणी?"

दोघं गपकन थांबले. डोळ्यांतलं रक्त पुसत कान्हानं देवीकडे बघितलं.

दोन्ही फुलं जागच्या जागी होती.