लाल गाडीचे डावे दार

मित्रांनो, मी एक जुना तपासणीचा दिवा आहे आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तूंनी मवाळ बोलावे, झाले गेले विसरून जावे, असे लोकांना वाटते. मला ते जमत नाही. माझ्या काचेचा एक कोपरा उडाला आहे, वायरीला दोन ठिकाणी काळी पट्टी गुंडाळली आहे, मुठीचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे. राग मात्र जसाच्या तसा आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलाशी बसून सहा-सात जणी दिवे जोडत. ज्या बाईंनी माझ्या तारा जुळवल्या त्यांना सारख्या शिंका येत, आणि दर शिंकेला त्या "माफ कर रे बाबा" असे मलाच म्हणत. त्यांनी मला पहिल्यांदा लावले तेव्हा समोरची भिंत लख्ख झाली. आतापर्यंत सपाट वाटणाऱ्या त्या भिंतीवर खड्डे, पोपडे, ब्रशाचे केस, सगळे दिसू लागले. "हा काही लपवू देणार नाही," त्या शेजारणीला म्हणाल्या. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

पुढे मला एका मोटारींच्या कारखान्यात पाठवले. तिथे रंगखात्याच्या शेवटी एक पांढरी खोली होती. रंग लावून, भट्टीत सुकून निघालेली प्रत्येक गाडी त्या खोलीत यायची, आणि तिथून पुढे जायची की मागे, हे एक बाई ठरवायच्या. बारीक अंगाच्या, पायांत कापडी बूट, केस टोपीत घट्ट बांधलेले. सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. समोर नव्हे, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होते आणि आवडतही होते.

भिंगबाई मला कधी सरळ धरत नसत. गाडीच्या अंगाला लागून, आडवा, तिरपा धरत. सरळ उजेडात सगळेच गोरेगोमटे दिसते. तिरप्या उजेडात रंगाखाली अडकलेला धुळीचा कण खसखशीच्या दाण्यासारखा वर येतो. रंग नीट पसरला नसेल तर तो संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत दिसतो. रंग जास्त झाला असेल तर त्याचा ओघळ मेणबत्तीच्या ओघळासारखा थिजलेला सापडतो. दोष दिसला की बाई त्याच्या शेजारी पिवळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावत आणि गाडी मागे पाठवत. एका गाडीला आम्हाला तीन मिनिटे मिळत. ती तीन मिनिटे त्या डोळ्यांत तेल घालून बघत. गाडी निर्दोष निघाली की तिच्या कार्डावर पूर्ण नावाची सही करत.

ती आमची चांगली वर्षे होती. बाईंचा फोटो उत्तम कामगारांच्या फळ्यावर लागला होता. कामाची पाळी संपली की त्या माझी काच मऊ फडक्याने पुसत आणि मला खुंटीवर टांगून जात.

मग रंगखात्यावर नवे साहेब आले. बोलताना ते माणसाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघत, म्हणून आठवड्याभरात त्यांचे नाव घड्याळसाहेब पडले. त्यांनी आमची तीन मिनिटे दोनावर आणली, मग एकावर. एका मिनिटात गाडीभोवती नुसती फेरी होते, तपासणी होत नाही. बाईंनी तसे सांगितले. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही दोष शोधता ना, म्हणून तुम्हाला दोष सापडतात." हे वाक्य त्यांना इतके आवडले की त्या दिवशी ते आणखी दोघांना त्यांनी ऐकवले.

अशात ती लाल गाडी आली. बुटकी, रुंद, जमिनीला टेकल्यासारखी बसलेली स्पोर्ट्स कार. आमच्या कारखान्याची त्या जातीची पहिलीच. तिला बघायला शेजारच्या खात्यातली माणसेही दारात जमली होती. बाईंनी मला उचलले आणि एका मिनिटाची पर्वा न करता गाडीभोवती फिरल्या. बॉनेटवर चार कण. छपरावर दोन. मागच्या उजव्या मडगार्डवर तीन. डाव्या दारावर आरशाखाली ओघळ, आणि त्याच दाराच्या कडेला वरचा चकाकीचा थर फार पातळ. अकरा पिवळे तुकडे लागले. नव्या कोऱ्या गाडीला गोवर आल्यासारखे दिसत होते.

"मागे पाठवा," बाई म्हणाल्या.

"ही आज निघणार आहे," घड्याळसाहेब म्हणाले.

"दार पुन्हा रंगवायला हवं."

"शोरूमवाले पॉलिश करून घेतील. त्यांच्याकडे माणूस आहे."

"पॉलिशनं हा थर आणखी पातळ होईल, साहेब. तिथला रंग उडेल."

साहेब पुढे झाले आणि एकेक तुकडा स्वतःच्या नखाने उपटू लागले. बाईंनी मला त्या दारावर तसेच धरून ठेवले. ओघळ लखलखत होता. तेव्हा साहेब भिंतीपाशी गेले आणि त्यांनी माझी पिन ओढून काढली.

मी विझलो. मित्रांनो, दिवा विझणे म्हणजे काही मोठी गोष्ट नाही, रोज विझतो. पण मी माझे काम करत असताना, खरे दाखवत असताना, दाखवतो म्हणून मला विझवले गेले. बाईंनी कार्डावर सही करायला नकार दिला. त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या तेवढ्यात साहेबांनी बाईंच्या रकान्यात एक 'बरोबर'ची खूण केली आणि गाडी पुढे ढकलली. त्याच आठवड्यात मला कोठारात टाकले. कागदावर कारण लिहिले, 'उजेड गरजेपेक्षा प्रखर.' माझ्या जागी एक मिणमिणता गोल दिवा आला. त्याच्याखाली सगळ्या गाड्या सुंदर दिसत.

कोठारात मी रिकाम्या डब्यांशेजारी पालथा पडलो होतो. एका सकाळी दार उघडले आणि समोर भिंगबाई. चेहरा लालबुंद. त्यांनी मला झटकले, बगलेत मारले आणि धावतच बाहेर अंगणात नेले.

अंगणात ती लाल गाडी उभी होती. तिच्याजवळ तिचा मालक, एक पन्नाशी उलटलेले दातांचे डॉक्टर, आणि त्यांची लेक. समोर घड्याळसाहेब, आणि कारखान्याचे मोठे साहेब. तिथे काय चालले होते ते मला बोलण्यावरून कळले.

डॉक्टरांनी ही गाडी घ्यायला पुष्कळ वर्षे वाट पाहिली होती. आधी लेकीचे शिक्षण, मग गाडी, असे त्यांनी ठरवले होते. लेक आता दुसऱ्या शहरात नोकरीला होती. गाडीतून पहिली फेरी बापलेकीने मारायची म्हणून ती मुद्दाम चार दिवसांची रजा काढून आली होती. गाडी घरी आली, उन्हात उभी केली, आणि डॉक्टरांना आरशाखालचा ओघळ दिसला. मग बॉनेटवरचे कण. मग दाराच्या कडेला एक फिकट डाग, जिथे शोरूमच्या माणसाने पॉलिशचे यंत्र दाबून फिरवले होते आणि लाल रंग उडून खालचा करडा थर वर आला होता. चारांतले दोन दिवस शोरूमच्या पायऱ्या चढण्यात गेले. शोरूमवाले म्हणाले, इतक्या जवळून कोण बघतं? मग म्हणाले, तुम्हीच कशाने तरी घासली असेल. आजचा तिसरा दिवस होता.

"इतक्या जवळून मी बघतो," डॉक्टर मोठ्या साहेबांना सांगत होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिव्याखाली लोकांचे दात बघतो. कीड वरून भरून टाकली तर आत काय होतं ते मला शिकवू नका."

"चूक आमच्या तपासनीस बाईंची आहे," घड्याळसाहेब म्हणाले. "हे कार्ड बघा. त्यांनीच पास केली. त्यांच्यावर कारवाई करतोय आपण."

म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. मी बगलेत होतो. बाईंच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

"मी ही गाडी पास केलेली नाही," बाई म्हणाल्या. "यात अकरा दोष होते. बॉनेटवर चार, छपरावर दोन, मागच्या उजव्या मडगार्डवर तीन, डाव्या दारावर दोन. आता बारावा दिसतोय, तो शोरूमनं केलाय." हे सांगताना त्या गाडीकडे बघतही नव्हत्या. मोठ्या साहेबांकडे बघत होत्या.

"मोजा," डॉक्टर म्हणाले.

गाडी शेडच्या सावलीत घेतली. मला जोडले. इतक्या दिवसांनी अंगातून वीज गेली आणि मी पेटलो. बाईंनी मला तिरपे धरले. बॉनेटवर चार. छपरावर दोन. मडगार्डवर लेकीनेच बोट ठेवून मोजले, तीन. दारावरचा ओघळ. दाराची पातळ कड, आणि तिच्यावरच तो भाजल्यासारखा करडा डाग.

"ज्यांनी पाहिलंच नाही त्यांना आकडा कसा पाठ?" डॉक्टरांनी विचारले.

"आणि मी टिक करत नाही, साहेब, सही करते," बाई म्हणाल्या. "माझं कुठलंही कार्ड काढून बघा."

घड्याळसाहेबांनी मनगटाकडे पाहिले. मोठे साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मोठी माणसे एकमेकांना चारचौघांत बोलत नाहीत. ते डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "तुम्हाला दुसरी गाडी देतो. सहा महिने लागतील."

"सहा महिने नकोत. हीच नीट करा. आणि या बाई म्हणतील तेव्हाच मला परत द्या."

लेक म्हणाली, "बाबा, मला उद्या निघावं लागेल." डॉक्टरांनी मान हलवली आणि चष्मा काढून उगाच पुसत राहिले.

दुरुस्तीला तीन दिवस लागले. बाईंनी आधी यंत्र लावून प्रत्येक ठिकाणी रंगाचा थर किती जाड आहे ते मोजले. कण होते तिथे पाण्यात भिजवलेला बारीकात बारीक पॉलिश पेपर बोटाएवढ्या लाकडावर गुंडाळून अगदी हलक्या हाताने घासले, मग मऊ गादीच्या यंत्राने चकाकी परत आणली. दार मात्र उतरवून, खरवडून, पहिल्यापासून रंगवावे लागले. दिवा धरायला माणूस हवा होता. मोठे साहेब म्हणाले, "घड्याळ... म्हणजे, आपले साहेब धरतील."

तर तीन दिवस मला घड्याळसाहेबांनी धरले. त्यांचा हात घामेजलेला होता आणि तासाभरात लटपटू लागला. बाई फक्त "वर", "खाली", "अजून तिरपा" एवढेच बोलत. दुसऱ्या दिवशी एकदा साहेब हळूच म्हणाले, "हा कण मला दिसला." मला वाटले, आता तरी हा माणूस काही बोलेल. बाई थांबल्या, वाट पाहिली. ते म्हणाले, "अजून किती वेळ लागेल?"

डॉक्टर गाडी न्यायला एकटेच आले. बाईंनी त्यांना दार दाखवले. "दार आता चांगलं आहे, पण पहिल्या रंगाचं नाही. कडक उन्हात बारीकसा फरक दिसेल. सांगितलेलं बरं."

"खरं सांगितलंत," डॉक्टर म्हणाले. "कारखान्यात हे पहिल्यांदाच ऐकतोय." ते हसले नाहीत. गाडीत बसले, शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवली आणि गेले. गाडी दुरुस्त झाली. ते चार दिवस कोण दुरुस्त करणार? माझा राग आहे तो हा. पहिल्या दिवशी दार परत रंगवले असते तर एक दुपार लागली असती.

त्यानंतर बाईंना एका गाडीला दोन मिनिटे मिळाली. त्यांनी तीन मागितली होती. घड्याळसाहेबांना वाटले, उपकार केले. बाई त्या तिसऱ्या मिनिटासाठी निवृत्त होईपर्यंत भांडत राहिल्या आणि मी त्यांच्या हातात राहिलो. मग खोलीत नव्या दिव्यांच्या रांगा बसल्या आणि मला शिकाऊ कामगारांच्या वर्गात काचेच्या कपाटात ठेवले. खाली पाटी लावली, 'गुणवत्तेची आमची परंपरा'. वर्ग घेतात घड्याळसाहेब. छडी माझ्याकडे रोखून ते सांगतात, "आम्ही एकही दोष सुटू देत नव्हतो." हे ऐकताना मला पिन जोडलेली नसते, हे त्यांचे नशीब.

बाईंनी शेवटच्या दिवशी मला घरी न्यायला मागितले होते. "कंपनीची वस्तू आहे," साहेब म्हणाले.

"मग निदान लावत तरी जा त्याला," बाई म्हणाल्या, आणि टोपी काढून टेबलावर ठेवून निघून गेल्या. अजून कोणी लावलेले नाही.

मित्रांनो, तुम्ही शाळेच्या सहलीला या कारखान्यात येता, कपाटाच्या काचेला नाक लावता आणि पुढे जाता. तुमच्यापैकी कोणी उद्या गाड्या रंगवेल, कोणी पूल बांधेल, कोणी औषधे भरेल. कुणीतरी दिवा घेऊन येईल आणि तुमच्या कामातली चूक दाखवेल. राग येईल, येऊ द्या. पण तो चुकीवर काढा, दिव्यावर काढू नका. आणि मला पुसू नका, ओवाळू नका, माझ्यावर भाषणे करू नका. जमलेच तर एक करा. मागे गुंडाळून खोचलेली माझी वायर सोडा, आणि मला कुठल्या तरी गाडीजवळ न्या.