गाईडबाईची लाल छत्री

मी एक जुनी लाल छत्री आहे, मित्रांनो. पण पावसाचं माझ्यापाशी काही विचारू नका. उभ्या जन्मात मी कुणाचं डोकं कोरडं ठेवलेलं नाही. माझं काम एकच. आपण मिटून हवेत उंच राहायचं आणि माणसांनी आपल्या मागे चालायचं.

कारखान्यात माझ्यावर कापड चढवणारी बाई मोठी चोखंदळ होती. प्रत्येक काडीला टाका घातला की ती ओढून बघायची. "वादळात उलटली तर नाव माझं खराब होईल," म्हणायची. कसलं वादळ आणि कसलं काय! मला एका उबदार बेटावरच्या गाईडबाईने विकत घेतलं, तेही केवळ रंग भडक म्हणून.

थंडी पडली की या बेटांकडे मोठमोठ्या क्रूझ बोटी येतात. गारठलेली माणसं त्यांतून उतरतात, अंगावरचे कोट काढतात आणि बागा बघायला निघतात. गाईडबाई धक्क्यावर मला उंच धरायची आणि ओरडायची, "मंडळी, छत्री सोडू नका!" मंडळीही इतकी आज्ञाधारक की विचारू नका. एका बाजूला ऑर्किड फुललेली, दुसऱ्या बाजूला तळ्यात कमळं, आणि यांचे डोळे माझ्यावर. चुकलो तर बोट निघून जाईल, ही धास्ती! संध्याकाळी वर माझंच कौतुक. "छत्री होती म्हणून निभावलं हो!" त्या कौतुकाचा मला पुढेपुढे वीट आला. बाग बघायला यायचं आणि छत्री बघून परत जायचं, याला काय म्हणावं?

एका हिवाळ्यात दोघी बहिणी आल्या. दोघींचे केस पांढरे झालेले. धाकटीची नजर जात चालली होती. माणसं तिला धुरकट दिसत, भडक रंग तेवढे कळत. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तेही राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. त्याआधी तिला एकच गोष्ट बघायची होती, आमच्या बागेतली हिरव्या-निळ्या फुलांची वेल. लहानपणी दोघींनी तिचं चित्र कॅलेंडरवर पाहिलं होतं. थोरली म्हणायची, असा रंग असतोच कुठे, चित्रकाराने थाप मारली आहे. त्यावरून दोघींची कडाकडा भांडणं व्हायची. आता तीच थोरली बहिणीचा हात धरून तिला इथवर घेऊन आली होती.

पण बागेच्या फाटकाशीच थोरलीच्या गुडघ्यांनी दगा दिला. ती बाकावर बसली ती बसलीच.

"तू हो पुढे," ती म्हणाली.

"ताई, तुझ्याशिवाय कशी जाऊ गं?"

"लाल रंग दिसतोय ना तुला? मग त्या छत्रीच्या मागे चालत राहा. माझ्यासाठी थांबलीस तर याद राख! एवढ्या लांब काय बाकावर बसायला आलोय?"

धाकटी निघाली. थोडं पुढे वाटेला फाटा फुटतो. डावी वाट वेलीकडे उतरते आणि उजवी गाईडबाईच्या भावजयीच्या दुकानाकडे जाते. त्या दिवशी बोट उशिरा लागली होती. अशा वेळी गाईडबाई वेलीचं नावही काढायची नाही, सरळ दुकान गाठायची. मी तिच्या डोक्याच्याही वर होते, मला सगळं दिसत होतं. वेल नुसती लगडली होती, आणि तीही हाकेच्या अंतरावर. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. गाईडबाई उजवीकडे वळली, आणि माझ्या लाल रंगाच्या भरवशावर धाकटीही वळली.

दुकानाच्या दारात प्लास्टिकच्या फुलांचे हिरवे-निळे घोस टांगलेले होते.

"बाई, वेल आली का हो?" धाकटीने विचारलं.

गाईडबाईने घड्याळाकडे पाहिलं. "हीच की ती, आजी! बघा, केवढे घोस लागलेत!"

माझा नुसता संताप झाला. धाकटी जवळ गेली, डोळे बारीक करून तिने वर पाहिलं आणि एका फुलाला हात लावला. बोटं तिथे जरा वेळ थांबली. मग तिने हात काढून घेतला.

"छान आहे," एवढंच ती म्हणाली.

बाकावर थोरली वाट बघून कासावीस झाली होती. "दिसली का गं?"

"दिसली ना! ताई, तू हरलीस. चित्रकाराने रंग कमीच लावला होता."

"हरले बाई, हरले!" थोरलीच्या डोळ्यांना धार लागली आणि ती हसतही होती. "माझे गुडघे वसूल झाले."

धक्क्यावर थोरली शिडी चढून पुढे गेली, तेव्हा धाकटी गाईडबाईजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, डोळे गेलेत माझे, बोटं नाही गेली. प्लास्टिक कळतं मला. पण ताईला यातलं अक्षरही कळू देऊ नका. माझ्यासाठी फार हाडं झिजवलीत तिने."

इतक्यात थोरली वरून कठड्याला टेकून ओरडली, "बाई, तुमचे उपकार जन्मात विसरणार नाही हो!" आणि गाईडबाईने काय करावं? मला उंच धरून हलवलं आणि निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी नवी बोट आली. उशीर झाला होता, आम्ही पुन्हा उजवीकडे वळलो.

पुढे माझा रंग उडाला, एक काडी मोडली. गाईडबाईने पिवळी छत्री आणली आणि मला अडगळीत फेकलं. त्याचं मला सोयरसुतक नाही. वस्तू जपून वापरा, असा उपदेश मी करणार नाही. वस्तूंचं काय, जुन्या होतात, मोडतात. पण मित्रांनो, उद्या तुमच्याही मागे कुणीतरी विश्वासाने चालत येईल. त्याला कुठे जायचंय ते आधी विचारा. आणि तिथे नेणं जमत नसेल, तर तसं तोंडावर सांगा. धाकटीला कुणी तसं सांगितलं असतं, तर ती एकटी चाचपडत गेली असती, कदाचित एखाददोनदा पडलीही असती, पण वेलीपाशी पोचली असती.