एकोणीस वेळा वाचलेले वचन

वचन मोडणे हा दोष आहेच. परंतु ते पाळले गेले आहे असे मानून निर्धास्त होणे, हा त्याहून गहन दोष होय. कारण वचन मोडणाऱ्यास निदान लाज तरी वाटते, निर्धास्त मनुष्यास तीही वाटत नाही. या दुसऱ्या दोषाशी माझी गाठ पडली, आणि मित्रांनो, मी त्याच्यापुढे मान तुकवली नाही.

मी एक जुने व्याख्यानमेज आहे. हल्ली मला पोडियम म्हणतात. वक्त्याने कागद ठेवावेत म्हणून विद्यापीठाच्या सभागृहात मला उभे केले. मी छातीइतके उंच, माथ्याशी उतरते आणि पोटात कप्पा असलेले आहे. ज्या वृद्ध सुताराने मला घडवले, तो रंधा मारताना माझ्याशी बोलत असे. "तुझ्यावर हात आपटून मोठमोठी माणसं बोलतील बरं का. तू आपलं सरळ उभं राहा." मी ती आज्ञा मानली.

दरवर्षी नव्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या सभेत कुलगुरू माझ्यामागे उभे राहून वर्षाचे अग्रक्रम वाचत. टाळ्या होत. यादीची प्रत माझ्यावरच राहून जाई. विद्यापीठाचा नियम असा, की ज्या कागदावर शिक्का आहे तो लेखी परवानगीवाचून फेकायचा नाही. म्हणून सभागृहाचे शिपाई, ज्यांना सारे मामा म्हणत, ती प्रत माझ्या कप्प्यात सरकवून किल्ली फिरवत. अशा रीतीने विद्यापीठाचे सारे संकल्प माझ्या पोटात साठले.

त्यांतला एक संकल्प मला मुखोद्गत झाला होता: "अंध विद्यार्थ्यांसाठी तळमजल्यावर स्वतंत्र वाचनकक्ष उभारण्यात येईल." प्रथम तो वाचणाऱ्या कुलगुरूंनी शब्दन् शब्द सावकाश, जपून उच्चारला होता. दहाव्या वर्षी तो नुसता वाचला गेला. पंधराव्या वर्षी तर वाचणाऱ्यांनी मध्येच घड्याळ पाहिले.

सभागृहाबाहेर जिना आहे. गेली तीन वर्षे त्याच्या चौथ्या पायरीवर दोघीजणी बसत. एक अंध मुलगी, नदीकाठच्या वनस्पतींवर संशोधन करणारी, आणि दुसरी तिची मावशी. ग्रंथालयात मोठ्याने वाचण्यास बंदी, म्हणून मावशी जिन्यावर बसून तिला ग्रंथ वाचून दाखवत. बहुतेक ग्रंथ अजून ब्रेल लिपीत आलेच नव्हते.

"ठमे, हे नाव माझ्याच्याने उच्चारवत नाही," मावशी म्हणत. "या गवताला गवत म्हटलं तर काय बिघडतं?"

"माझी पदवी बिघडते. वाच, मावशी."

येणारेजाणारे त्यांना ओलांडून जात, कोणी चुकून पाय लावी, कोणी "जरा सरकता का?" म्हणून त्रासिक सूर लावी. प्रबंध सादर करावयास एकच वर्ष उरले होते, आणि मावशींचा घसा वरचेवर बसू लागला होता.

यंदा नवे कुलगुरू आले. त्यांना कॉलरला माईक लावून, फिरत फिरत बोलायचे होते. नियोजन अधिकाऱ्यांनी सभेच्या प्रारंभीच हुकूम सोडला, "मामा, ते पोडियम भांडारात टाका. पडद्याच्या आड येतंय."

तेवढ्यात पडद्यावर नवे अग्रक्रम उमटले आणि ते वाचले गेले. माझे ओळखीचे वाक्य त्यांत नव्हते. सभेत मागे बसलेली ती मुलगी उठली.

"सर, वाचनकक्षाचं वाक्य ऐकू आलं नाही."

नियोजन अधिकाऱ्यांनी हातातला तक्ता पाहिला. "ते पूर्ण झालंय. इथं खूण आहे."

"कोणी केली?"

"मीच केली. अहो, एकोणीस वर्षं यादीत असलेली गोष्ट आतापर्यंत झालेली असणारच ना!"

"अगंबाई!" मावशी उद्गारल्या. "मग आम्हालाही दाखवा की हो! आम्ही आपल्या उगाच तीन वर्षं जिना झिजवतोय."

हशा पिकला. पण तो लगेच ओसरला, आणि अधिकारी म्हणाले, "तुमचं निवेदन कार्यालयात द्या. पुढचा मुद्दा."

मामांनी मला उचलण्यासाठी दोन माळी बोलावले होते. त्यांनी जोर लावला. मी हलले नाही. पुन्हा लावला. मी कलले नाही असे म्हणणार नाही. कलले खरे, पण कलतानाच माझ्या कप्प्याचे दार उघडले. लोक म्हणतात, बिजागरी सैल होती. म्हणोत बापडे! सरळ उभे राहण्याची आज्ञा मी जन्मात एकदाच मोडली, आणि ती का मोडली हे मला ठाऊक आहे.

शिक्क्याचे कागद कुलगुरूंच्या पायांशी पसरले. मामा गुडघे टेकून म्हणाले, "साहेब, जपून. यातला एकही कागद मी टाकलेला नाही."

कुलगुरूंनी एक उचलला, मग दुसरा, मग तिसरा. ते वाक्य त्यांनी मोठ्याने वाचले. पुढच्या कागदावर तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच. सातव्या कागदाशी त्यांचा आवाज खाली आला.

"एकोणीस आहेत, सर," मुलगी शांतपणे म्हणाली. "विसावा नको. खोली कुठली आणि किल्ली कोणाकडे, एवढंच सांगा. बाकी मी शोधते."

"तळमजल्यावर रिकामी खोली आहे का?" कुलगुरूंनी विचारले.

उत्तर मामांनी दिले. "हे पोडियम जिथं टाकायचं ठरलं ना, तेच भांडार. मोडक्या खुर्च्या काढल्या की चांगली हवेशीर खोली आहे. किल्ली माझ्या खिशात आहे."

"मग ती त्यांना द्या. आत्ता."

मामांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. कुलगुरूंनी कॉलरचा माईक काढला, मला सरळ केले आणि माझ्यावर कागद ठेवून यादीच्या अग्रभागी स्वहस्ते एक ओळ लिहिली: "वाचनकक्षासाठी भांडाराची खोली आजच दिली."

मी अखेर त्या भांडारात गेलेच, मित्रांनो. पण ताठ मानेने. आता माझ्या उतरत्या माथ्यावर ब्रेलचे ग्रंथ उघडतात आणि बोटे ओळींवरून सरकतात. जे ब्रेलमध्ये नाही, ते मावशी खुर्चीत बसून, दार लावून, वाटेल तितक्या मोठ्याने वाचतात. नियोजन अधिकारी एकदा येऊन गेले. त्यांनी दार लोटून पाहिले, कपाटावरून हात फिरवला, आणि तक्त्यातील खूण पुन्हा एकदा, या वेळी पाहून, केली.

तुम्हीही कधी काळी याद्या कराल. एखाद्या कामापुढे खूण करण्याआधी उठा, त्या खोलीपर्यंत चालत जा आणि दार उघडून पाहा. जुन्या वस्तू टाकण्यापूर्वी त्यांच्या पोटात काय आहे, तेही पाहा.

त्या मुलीचा प्रबंध सिद्धीस जावो. मावशींचा कंठ सुखी राहो. मामांच्या खिशातील किल्ल्या योग्य हाती पडोत, आणि खूण करणाऱ्या त्या हातालाही सदैव डोळ्यांची सोबत लाभो.