पैलवानाच्या मांडीतली चरबी

मी हंबीरराव पैलवानांच्या उजव्या मांडीचा स्नायू बोलतोय. कोल्हापूरकराच्या अंगात जन्मलो, त्यामुळं आवाज जरा मोठा आहे, चालवून घ्या.

तालमीतल्या बैठकांनी मला घडवलं. लाल मातीत मी भल्याभल्यांचा भार पेलला. दूध, तूप, बदामाची थंडाई, जे येईल ते जाळून टाकायचो. काय दिवस होते!

पुढं हंबीररावांनी खताचं दुकान टाकलं आणि कुस्ती सुटली. खुराक मात्र सुटला नाही. आमच्याकडची ही जुनी खोड! "पैलवान मानूस हाय, तूप पचतंय की," म्हणत त्यांच्या पत्नी झुंबरबाई वाटी भरायच्या. मी दिवसभर गादीवर बसून. न जळलेली चरबी माझ्या धाग्याधाग्यांत साचू लागली. घेर तसाच, म्हणून हंबीरराव गिऱ्हाइकांसमोर मला मिरवायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रक्तातली साखर दारात येऊन उभी राहायची आणि या चरबीपायी मला दारच उघडता यायचं नाही.

व्हायचं तेच झालं, साखर वाढली. डॉक्टर सबिना म्हणाल्या, "काका, मांडी मोठी आहे, पण आत चरबी साठलीय. ती साखर घेतच नाही. गोळ्या चालू ठेवा, खुराक कमी करा आणि मांडीला कामाला लावा. पुढच्या तपासणीत फरक दिसला नाही, तर इन्सुलिनची सुई."

एवढा गडी, पण सुई म्हटलं की थरथर कापतो! दुसऱ्याच दिवशी आम्ही तालमीत हजर. म्हातारे गुंडू वस्ताद मला न्याहाळत म्हणाले, "या पावणं. ही मांडी शोभंची हाय व्हय?"

आपल्याच तालमीत पावणं! हा टोला माझ्या वर्मी बसला. वस्तादांनी आधी खोऱ्यानं कुस्तीच्या हौद्यातली माती उकरायला लावली, मग बैठका. सुरुवातीला मी लटलट कापत होतो, पण हटलो नाही. घरी झुंबरबाईंनी तुपाची वाटी उचलून तिच्या जागी चमचा ठेवला. हळूहळू चरबी जळू लागली. दार किलकिलं झालं आणि एके दिवशी साखर धडाधड आत येऊ लागली. मी बकाबका खाल्ली!

पुढच्या तपासणीला डॉक्टर हसल्या. "साखर आटोक्यात आलीय. सुई नको. तालीम मात्र सोडायची नाही."

हंबीरराव उठले आणि भर दवाखान्यात त्यांनी माझ्यावर फाडकन शड्डू ठोकला. बाहेरचे पेशंट दचकले.

"आवं, दवाखाना हाय ह्यो!" झुंबरबाई ओरडल्या, पण डोळे पुसत.

मंडळी, तुमच्याही मांडीत माझा एखादा भाऊबंद निजलेला असेल. त्याला उठवा, त्याच्याकडून काम घ्या. मी तर आज सणकून दुखतोय. दुखू दे! किती वर्षांनी हे कामाचं दुखणं माझ्या वाट्याला आलंय.