रिव्हर्समध्ये बांधलेला रस्ता

मिगदालियाने टेबलावरची खरकटी ताटं बाजूला सारली आणि मेणकापडावर एक आंबा, एक कांदा आणि लसणाची एक पाकळी मांडली.

"हा आंबा म्हणजे वारादेरो," ती म्हणाली. "हा कांदा ग्वार्दालाबाका. आणि ही पाकळी कायो कोको. आता बोला."

"वारादेरोला आंबा आणि बाकीच्यांना फोडणीचं सामान?" शेजारची रामोना म्हणाली. "निकाल लावूनच बसलीयस की, बाई."

"घरात होतं ते मांडलं."

स्पेनमध्ये नोकरीला गेलेल्या यामिलेने, मिगदालियाच्या लेकीने, आईबापांना समुद्रकिनारी तीन रात्री पाठवायचं ठरवलं होतं. हॉटेल, जेवणखाण, सगळं ती तिकडूनच भरणार होती. या तिघांपैकी कुठल्या किनाऱ्यावर जायचं तेवढं त्यांनी सांगायचं होतं, तेही आज, ती फोन करील तेव्हा. अख्ख्या गल्लीत फोन एकट्या रामोनाकडे. त्यामुळे फोन तिचा तसं मतही तिचं, आणि ते द्यायला ती जेवणाआधीपासूनच येऊन बसली होती.

"ग्वार्दालाबाकाला माझा भाचा वेटर आहे," ती म्हणाली. "तुम्हाला बशीत दोन लॉबस्टर जास्त वाढील. पण खरं सांगू? वारादेरो ते वारादेरो. वाळू अशी की चाळून घेतलेली कणीक. जन्मात एकदा जायचं तर तिथेच जावं."

"आणि कायो कोको?" मिगदालियाने विचारलं.

"कायो कोको! आपल्या मोरोन गावच्या माणसाने कायो कोकोला जायचं म्हणजे परसदारी जायला बॅग भरण्यासारखं आहे. लोक हसतील."

मिगदालियाचा नवरा एवेलिओ लसणाच्या पाकळीकडे बघत होता.

घरापासून तासा-दीड तासावरचं कायो कोकोचं ते बेट त्याने कधी पाहिलं नव्हतं. आणि तिथे जाणारा रस्ता त्याने बांधला होता. म्हणजे त्याने आणि त्याच्यासारख्या शेकडो जणांनी. पण एवेलिओच्या मनात हिशेब असाच होता, की रस्ता आपला. किनाऱ्यावरून दगड भरायचे आणि नेऊन समुद्रात ओतायचे, की तेवढा समुद्र मागे हटे. मग त्यावरूनच पुढे जायचं आणि पुन्हा ओतायचे. ट्रक वळवायला जागा नसे, म्हणून भरलेला ट्रक सगळी वाट रिव्हर्समध्ये न्यावा लागे. तोंड घराकडे, नजर आरशात, आणि आरशात नुसतं पाणी. टोकाला पोचलं की हौदा उचलायचा, धडधडाट ऐकायचा आणि सुसाट परत यायचं. दोन वर्षं तो असा समुद्रात मागे मागे जात राहिला. शेवटी शेवटी आरशात एक हिरवी रेघ दिसायला लागली होती. तेवढ्यात हौद्यातला एक दगड निसटला आणि त्याच्या उजव्या पावलावर आला. रस्ता बेटाला टेकला त्या दिवशी सोबत्यांनी टोप्या उडवल्या म्हणे. एवेलिओ तेव्हा इस्पितळात पाय टांगून पडला होता.

पुढे बेटावर हॉटेलं उठली आणि रस्त्याच्या तोंडाशी चौकी बसली. परदेशी पाहुणे जात, हॉटेलात कामाला असलेले जात. बाकीच्यांना परवानगी लागे, आणि लंगड्या ट्रकवाल्याला परवानगी कोण कशाला देईल! गेल्या वर्षी कुठे आपल्या देशाच्या माणसांनाही हॉटेलात उतरायची मोकळीक मिळाली होती. मोकळीक मिळाली, पण खिसा तोच होता. आता लेकीच्या कृपेने ती पाकळी टेबलावर येऊन पडली होती आणि त्याला नुसतं बोट पुढे करायचं होतं. ते बोट काही केल्या पुढे होईना.

कारण मिगदालियासमोर तो रस्त्याचं नाव काढू शकत नव्हता. त्या काळात दर शनिवारी कामगारांच्या छावणीतून एक गाडी मोरोनला येई, आणि बाकीचे तिच्यात बसून बायकापोरांकडे जात. एवेलिओ महिन्यातून एकदा आला तर आला. दुसऱ्यांच्या रविवारच्या पाळ्या तो मागून घेई. काल जिथे पाणी होतं तिथे आज आपण उभे राहतो, या गोष्टीचं त्याला वेडच लागलं होतं, दुसरा शब्द नाही. असाच तो तिकडे असताना एकदा वादळात घराचा पत्रा उडाला. मिगदालियाने लहानग्या यामिलेला छातीशी घेऊन पलंगाखाली बसून ते वादळ काढलं. दोन दिवसांनी एवेलिओ मिठाने पांढरा होऊन दारात उभा राहिला, आणि वर आभाळ दिसत असताना पहिलं वाक्य बोलला ते असं, की रस्त्याचा एक दगडही हलला नाही.

मिगदालिया तेव्हा काही न बोलता उठून स्वयंपाकघरात गेली होती. त्यानंतर कधीही, कोणीही तो विषय काढला, की ती उठून स्वयंपाकघरात जाई. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला कितीदा तरी वाटलं होतं.

वारादेरोचं तसं नव्हतं. त्यांचं लग्न झालं तेव्हा हॉटेलांना अशी बंदी नव्हती, उलट नव्या जोडप्यांना सरकारकडून हॉटेलात तीन दिवस मिळत. त्यांना वारादेरो मिळालं होतं. कपाटाच्या आरशात खोचलेल्या फोटोत मिगदालिया गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि फोटो काढणाऱ्यावर पाणी उडवत होती. फोटो एवेलिओने काढला होता.

"तू बोल ना, म्हातारबा," मिगदालिया म्हणाली. "तोंडात काय मलांगाचा कंद कोंबलायस?"

एवेलिओने हात पुढे केला. तो पाकळीवरून गेला, जरा घुटमळला आणि आंब्यावर टेकला.

"वारादेरो," तो म्हणाला.

"बघ! पुरुषमाणसालासुद्धा कळतं," रामोना म्हणाली.

मिगदालियाने नवऱ्याकडे पाहिलं. आंबा उचलून तिने सुरीने तिथेच कापायला घेतला, आणि तिघांनी तो खाल्ला. एवेलिओच्या वाट्याला बाठा आला. तो त्याने फार वेळ चोखला. आपण शहाण्यासारखं वागलो, असं तो स्वतःला सांगत होता, आणि प्रत्येक वेळी त्याचं मन जास्तच खट्टू होत होतं.

रामोनाच्या घरातला फोन वाजला तेव्हा तिघंही धावले. एवेलिओ लंगडत शेवटी पोचला.

"जेवलीस का गं?" मिगदालिया फोनमध्ये ओरडत होती. समुद्रापार बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, याबद्दल तिची खात्री होती. "बाबा ना? आहेत, आहेत तसेच आहेत... हो, ठरलं. लिहून घे."

ती क्षणभर थांबली. तिची पाठ एवेलिओकडे होती.

"कायो कोको."

रामोनाने कपाळावर हात मारला. "हिला ऊन लागलंय! अगं, आंबा खाल्लास ना आत्ता?"

"हो, कायो कोकोच. नाही गं, चुकून नाही. ठेवते."

घरी येताना एवेलिओने विचारलं, "वारादेरो का नाही सांगितलंस?"

"वारादेरो बघितलंय मी," ती म्हणाली, आणि उरलेली ताटं घासायला गेली.

यानंतर जाईपर्यंत तिने त्यावर अवाक्षर काढलं नाही. तिने दोघांचे कपडे इस्त्री केले, त्याच्या चांगल्या बुटांना पॉलिश केलं, आणि हॉटेलात साबण देतात की नाही कोण जाणे म्हणून साबणाची एक वडी पिशवीत टाकली. एवेलिओला ती शांतता सोसवेना. ती आपल्यासाठी वारादेरोवर पाणी सोडत असेल, तर त्या उपकाराखाली तीन रात्री झोप लागायची नाही. आणि तसं नसेल तर मग काय, हे विचारायची छाती नव्हती.

टॅक्सीवाल्या ओस्मानीची गाडी एवेलिओ-मिगदालियाच्या लग्नाच्याही आधीची होती. हिरवी, लांबलचक, पुढची सीट बाकासारखी सलग. तिघं पुढेच बसले. ओस्मानी, मध्ये मिगदालिया, कडेला एवेलिओ. चौकी आली तसं एवेलिओने ओळखपत्र काढून हातात धरलं आणि ताठ बसला. काय विचारतील, आपण काय सांगू, याची त्याने इतक्या वर्षांत उत्तरं तयार ठेवली होती. चौकीतल्या मुलीने हॉटेलचा कागद पाहिला, ओळखपत्रांवरून नजर फिरवली.

"मजा करा हां, काका," ती म्हणाली आणि दांडा वर गेला.

इतकी वर्षं अडवणारा दांडा इतक्या सहज वर जावा, याचा एवेलिओला थोडा रागच आला. मग गाडी पुढे निघाली आणि राग कुठल्या कुठे गेला.

दोन्ही बाजूंची झाडं संपली. जमीन संपली. रस्ता मात्र संपला नाही. तो तसाच सरळ पाण्यात शिरला आणि पुढे पुढे जात राहिला. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, कुठे हिरवं, कुठे दुधाळ, आणि समोर लांबवर पाणी नि आभाळ एकच झालेलं, तिथे रस्ता एखाद्या दोऱ्यासारखा बारीक होऊन आत ओवला जात होता. पलीकडे किनारा आहे अशी कसलीच खूण नव्हती.

एवेलिओने डॅशबोर्डला घट्ट धरलं. हे त्याने कधीच पाहिलं नव्हतं. समुद्र त्याला ठाऊक होता तो आरशातला, वीतभर. समोरून समुद्र असा येतो आणि आपल्याला कवेत घेतो, हे त्याला माहीतच नव्हतं. आपण हे केलं? पोटात काळा घेवडा आणि भात, पायात फाटके बूट, तशी ती माणसं होती. त्यांनी हे केलं? त्याला खरं वाटेना.

"झोपेतसुद्धा चालवीन मी इथे," ओस्मानी म्हणाला. "रोजचंच आहे. रशियनांनी बांधलाय हा, काका. त्यांचं काहीतरी मशीन होतं म्हणे, अख्खा डोंगर गिळायचं आणि इकडे ओकायचं."

"कसले रशियन?" मिगदालिया म्हणाली. "ह्या माणसाने बांधलाय. ट्रक चालवायचा हा. रिव्हर्समध्ये."

एवेलिओने चमकून तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती. रिव्हर्सचं त्याने तिला एकदाच सांगितलं होतं, आणि तेव्हा ती भांडी आपटत होती.

"काय सांगता!" ओस्मानीने गाडी हळू केली. "मग तुमचा कुठला भाग, काका?"

एवेलिओ मघापासून तेच शोधत होता. जिथे आपला शेवटचा दगड पडला आणि जिथून दुसऱ्यांचे सुरू झाले, ती जागा आपण झोपेत ओळखू असं त्याला वाटायचं. पण दगडामागे दगड होते, सगळे सारखेच, मीठ खाऊन पांढरे पडलेले. जोड कुठेच नव्हता. याचं वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं ते उलटंच. त्याला हसू फुटलं.

"सापडत नाही," तो म्हणाला. "शप्पथ, सापडत नाही."

उजवीकडच्या उथळ पाण्यातून एक गुलाबी पट्टा उठला. हजारो रोहित पक्षी होते. ते गाडीवरून वळले तेव्हा टपावर सावली पसरली आणि ओस्मानीनेसुद्धा, रोजचंच असून, मान बाहेर काढून पाहिलं. सावली सरली आणि समोर ती हिरवी रेघ दिसली. या वेळी ती रेघ मोठी होत गेली. तिची झाडं झाली, झाडांना मुळं फुटली, मुळं चिखलात रुतलेली दिसू लागली.

"थांबव," मिगदालिया म्हणाली.

"इथे? हॉटेल अजून पुढे आहे, मावशी."

"थांबव म्हटलं ना."

एवेलिओ उतरला. शेवटच्या दगडांपाशी गेला. आधी त्याने चांगला पाय उचलला, मग काहीतरी सुचून तो मागे घेतला आणि दुखरा, उजवा पाय पुढे करून बेटाच्या मातीवर ठेवला. माती भुसभुशीत होती. त्याच्या पॉलिश केलेल्या बुटाला चिखल लागला. तो तसाच उभा राहिला, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते त्याने पुसलंही नाही.

बऱ्याच वेळाने त्याने वळून पाहिलं. मिगदालिया त्याच्याकडे बघतच नव्हती. ती पाठमोरी, ते आले त्या दिशेला तोंड करून उभी होती. वाऱ्याने तिचा झगा फडफडत होता, आणि तिच्यापुढे तो रस्ता पाण्यावरून लांब, लांब, थेट घरापर्यंत गेला होता.

तो लंगडत तिच्याजवळ गेला.

"म्हातारे," तो म्हणाला, "माझ्यासाठी तू वारादेरो सोडलंस."

"तुझ्यासाठी? डोंबल!" ती म्हणाली. "मला तिला बघायचं होतं."

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे? जिच्यापायी तू घरी यायचा नाहीस तिला. इतकी वर्षं सवत उरावर वागवली, म्हटलं मरायच्या आधी तिचं तोंड तरी बघू. काय काय ऐकवायचं ते पाठसुद्धा केलं होतं."

एवेलिओने मान खाली घातली. उडालेल्या पत्र्यापासून राहून गेलेलं ते सगळं आज निघणार, हे त्याला समजलं, आणि तो ऐकायला उभा राहिला. ओस्मानीने हॉर्न वाजवला. दोघांनीही लक्ष दिलं नाही.

मिगदालियाने आधी खाली वाकून कडेच्या एका दगडावर तळहात ठेवला. तो तापलेला होता, तरी तिने हात काढला नाही.

"देखणी आहे रे मेली," ती म्हणाली. "तुझ्या जागी मी असते ना, तर मीही घरी आले नसते."