आराम: हो / नाही

"मिस्त्री, दुसरी चप्पल कुठे गेली तुमची?" मी विचारलं.

मिस्त्रींनी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय अनवाणी. त्यांना पत्ताच नव्हता. त्यांची बायको मागे गेली आणि जिन्याच्या तोंडाशी पडलेली चप्पल उचलून घेऊन आली. "आठ दिवस हे असंच चाललंय," ती म्हणाली. "पायातून निघून जाते अन् यांना कळत नाही."

हाडांच्या विभागात नर्स म्हणून सव्वीस वर्षं काढलीत मी. चप्पल निसटते आणि माणसाला कळत नाही, याचा अर्थ मला कुणी सांगावा लागत नाही. मी त्यांना तपासणीच्या खाटेवर झोपवलं आणि म्हटलं, "पावलं वर उचला. बोटं नाकाकडे." उजवं पाऊल उचललं गेलं. डावं तसंच पडून राहिलं.

मग माझं डोकं फिरलं. "अहो, चार आठवडे फोनवर काय सांगत होतात मला? दर सोमवारी आपलं 'आराम आहे, आराम आहे'!"

"आरामच होता की, सिस्टर," मिस्त्री घाबरून म्हणाले. "तुम्हीच म्हणालात ना, आराम करा म्हणून? पाण्याची बादलीसुद्धा उचलली नाही. विचारा हिला."

"आणि दुखणं?"

"ते होतंच. कमरेपासून टाचेपर्यंत तापलेली तार ओढावी तसं. पण ते तुम्ही कुठे विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं. खरंच नव्हतं.

आमच्या विभागात सहा महिन्यांपासून एक चाचणी चालू होती. सायटिका, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी कळ, नुकतीच सुरू झालेल्या लोकांना कुठलं औषध जास्त लागू पडतं, ते पाहायचं. बाटल्या तीन तऱ्हेच्या. एकात सूज उतरवणारं नेहमीचं औषध, दुसरीत स्टेरॉइड, तिसरीत नुसतं पीठ. तिन्हींतल्या कॅप्सूल एकसारख्या, बाटलीवर फक्त आकडा. कुणाला काय मिळालं ते ना रोग्याला ठाऊक, ना मला, ना डॉक्टरांना. डॉक्टर याला आंधळी चाचणी म्हणायचे. "आंधळं दळतंय," असं मी तेव्हा गमतीनं म्हटलं होतं. पुढचं कुत्रं तेवढं गिळलं होतं.

दर सोमवारी फोन करणं माझं काम. दोन आठवड्यांत फरक नाही पडला, तर रोग्याला चाचणीतून काढून स्कॅनला आणि मणक्याच्या सर्जनकडे पाठवायचं, असा नियम होता आणि तो चांगला होता. फोनवर विचारायचा प्रश्न ऑफिसातून छापून आला होता: 'वेदनेच्या तीव्रतेत लक्षणीय घट जाणवते काय?' मला हसू फुटलं. असं कोण बोलतं? मीच तो खोडून लिहिलं, 'आराम आहे का? हो / नाही.' डॉक्टर म्हणाले, "वा सिस्टर, माणसांच्या भाषेत लिहिलंत." चार दिवस मी हवेत होते.

माणसांच्या भाषेत, डोंबल! पहिल्या भेटीत प्रत्येकाला दटावायचं, आराम करा, आणि सोमवारी विचारायचं, आराम आहे का. माणूस काय समजेल? बाई तपासायला फोन करतेय. आणि सांगितलेलं ऐकणारा सरळ माणूस काय म्हणेल? हो. जन्मभर जी भाषा बोलले, तिच्यातच मी आपटले. त्या दिवशी मला स्वतःचा जेवढा राग आला, तेवढा कुणाचाच आला नव्हता.

कुणाचाच नाही, म्हणजे दुपारपर्यंत. डॉक्टरांनी पाऊल पाहिलं, त्यांचा चेहरा उतरला, स्कॅन लगेच सांगितला, सर्जनला स्वतः फोन लावला. सगळं चोख केलं. मग मला बाजूला घेतलं.

"त्या चार कागदांवरचं 'हो' मी खोडणार आहे," मी म्हटलं.

"थांबा. उत्तर त्यांनी दिलंय, तुम्ही नाही. पुढच्या महिन्यात निकाल मांडायचाय. एक कागद बदलला की तपासणारे सगळंच उपसून काढतील."

"उपसू देत."

"पेशंटची सोय लावली ना आपण? मग विषय कशाला वाढवता?"

"डॉक्टर, पाऊल गेलंय त्यांचं, आणि कागदावर ते बरे झालेत! उद्या तो कागद बघून कुणीतरी दुसऱ्याला तीच गोळी लिहून देईल."

चूक कशी खोडायची ते डॉक्टरांनीच मला शिकवलं होतं. एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. त्यांच्यासमोर उभं राहून मी चार वेळा ते केलं. तिसऱ्या कागदावर पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला.

मग बाकीच्या अडतीस जणांना फोन केले. "दुखणं कमी झालंय का?" एवढंच विचारलं. अकरा जण नुसते पडून होते, दुखणं तसंच. ग्रंथालयात काम करणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, आज तरी विचारलंत." आणि रडायला लागल्या. निकाल पुढे ढकलला गेला. डॉक्टर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मलाही त्यांच्याशी बोलायची हौस नव्हती.

ऑपरेशनच्या आधी मिस्त्रींनी मला विचारलं होतं, "मला खरं औषध होतं की पीठ?" मी म्हटलं, मला माहीत नाही. "तुम्हालाही नाही?" असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी ते तपासणीला आले. पोटरीपासून पावलापर्यंत प्लास्टिकचा आधार बांधलेला. पाऊल परत येईल का, हे सर्जनलाही सांगता येत नव्हतं. तीस वर्षं या माणसानं उकिडवं बसून लोकांच्या घरात फरशा बसवल्या. आता उकिडवं बसता येत नाही. थापी, रबरी हातोडा, सगळं मेव्हण्याला देऊन टाकलं होतं. बाकावर बसून ते आमच्या व्हरांड्याची फरशी बघत होते.

"ही कुणी बसवली हो? ढाळ उलटा आहे. धुतली की पाणी खोलीत येत असेल."

"येतं," मी म्हटलं. रोज येतं.

मी कागद काढला. नवा प्रश्न विचारायच्या आतच ते म्हणाले, "आराम आहे, सिस्टर."

"कुठला?"

ते हसले. "दोन्ही."

कागदावर हो आणि नाही, एवढंच छापलेलं होतं. मी समासात लिहिलं, 'दोन्ही', आणि शेजारी सही केली. मिस्त्री वाकले. डाव्या चपलेला मागून पट्टा शिवून घेतला होता, तो त्यांनी टाचेवर चढवला. चप्पल पायात आहे हे हातानं चाचपून पाहिलं, आणि मग उठले.