चारबागचं हॉटेल

डेनिस कियोहानच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं चंद्रशेखर गजभिये विचारणाऱ्याला सांगत. खरं म्हणजे राहून गेलं नव्हतं. त्यांनी ते दिलं नव्हतं.

पत्र पावसाळ्यात आलं होतं, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातून. त्यांची एकुलती एक लेक अनघा तिथं औषधांच्या कंपनीत नोकरीला होती, आणि डेनिस म्हणजे तिच्या समोरच्या घरात एकटा राहणारा म्हातारा. पहिल्याच हिवाळ्यात अनघाच्या घरातलं हीटिंग बंद पडलं. ती कोट घालून स्वयंपाकघरात कुडकुडत बसलेली त्याला खिडकीतून दिसली. तो पाना घेऊन आला, यंत्र चालू करून दिलं आणि चहासुद्धा न घेता परत गेला. एवढंच. पण तिथून तो अनघाच्या फोनमध्ये जो शिरला, तो शिरलाच. डेनिसनं भिंतीला फळी ठोकून दिली. डेनिसनं गाडी शिकवली. डेनिसला पोहे आवडतात, पण वर लोणी घालून खातात, बाबा, सोचो.

चंद्रशेखर सोचत बसत. त्यांना खिळा ठोकता येत नव्हता. गाडी येत नव्हती. अनोळखी माणसाशी बोलायचं तर आधी मनात वाक्य जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत माणूस निघून गेलेला असे. भंडाऱ्याहून लखनौला येऊन बँकेतली सगळी नोकरी त्यांनी मागच्या टेबलावर काढली. फावल्या वेळात पुस्तकं वाचली आणि दर रविवारी लेकीला वाचून दाखवली. बाप म्हणून आपल्याला एवढंच जमलं, असं त्यांना वाटे. तेही नीट जमलं की नाही, याची खात्री नव्हती.

आणि पत्रानं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. ‘माझी नजर अधू झाली आहे,’ डेनिसनं लिहिलं होतं, ‘म्हणून रविवारी अनघा मला वाचून दाखवते. ही सवय तुमची, असं ती सांगते.’ पुढं विचारलं होतं, डिसेंबरात ती लखनौला येईल तेव्हा मीही सोबत आलो तर चालेल का? तुम्हाला त्रास देणार नाही, स्टेशनजवळचं एखादं हॉटेल बघेन.

दुसऱ्या एखाद्या बापाला हे वाचून भरून आलं असतं. चंद्रशेखरांच्या पोटात दुखलं. फळी घे, गाडी घे, पोहेही घे बाबा, पण रविवारसुद्धा?

“लिहिलं का त्या माणसाला?” त्यांची बायको, कमलताई, विचारत.

“लिहितो.”

“तो आहे तोवर लिहा म्हणजे झालं.”

पावसाळा सरला. मग एके दिवशी अनघाचा फोन आला.

“बाबा, ते रोज पूछते हैं. मी काय सांगू?”

“आजकाल टपालाचं काही खरं नाही, बेटा.”

“टपालाला काही नाही झालंय. हे बघा, क्रिसमसला त्यांना एकटं टाकून मी नाही येणार. त्यांचं इथं कोणी नाहीये. ते आले तर मी येते, नहीं तो मार्चमध्ये बघू.”

मार्चमध्ये बघू, म्हणजे काय ते घरात दोघांनाही ठाऊक होतं. मागचे दोन मार्च असेच बघण्यात गेले होते. कमलताई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तेव्हा चंद्रशेखर लिहायला बसले. त्यांचं इंग्रजी पुस्तकी, पण घडीव. अनघाला केलेल्या साहाय्याबद्दल त्यांनी डेनिसचे आभार मानले, पुन्हा मानले, शेवटच्या परिच्छेदात पुरते फेडून टाकले, आणि चारबाग स्टेशनजवळच्या एका स्वच्छ हॉटेलचा पत्ता दिला. मग मेथी निवडत बसलेल्या कमलताईंना मराठीत करून ऐकवलं.

“हे पत्र आहे की पावती?” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“मिळाले, आभारी आहोत, खाली सही. घरच्या माणसाचे असे आभार मानतात? घर बदलताना आमच्या माणिकदादानं सामान उचललं, तर तुम्ही त्याला थँक्यू म्हणालात. महिनाभर जेवायला आला नव्हता तो.”

“हा कुठं घरचा आहे?”

“म्हणून तर चारबागला टाकताय. हमाल, ऑटोवाले आणि तुमचा गोरा म्हातारा.”

चंद्रशेखरांनी पाकीट चिकटवलं. उद्या टाकू, म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी पायल तापानं फणफणली. पायल मेश्राम त्यांच्या वरच्या खोलीत राही. तीही भंडाऱ्याकडचीच, चिनहटच्या एका कारखान्यात नुकतीच लागलेली. जिन्यात भेटली तर ‘जयभीम काका’ म्हणे आणि चंद्रशेखर मान हलवत, एवढीच ओळख. डेंगी निघाला. दोघांनी तिला दवाखान्यात नेलं. कमलताई डबा करायच्या. चंद्रशेखरांना न बोलता बसून राहणं तेवढं येत होतं, म्हणून ते पुस्तक घेऊन तिच्या खाटेशी बसले.

“काका, घरी जा ना,” पायल डोळे उघडून म्हणाली.

“एवढं प्रकरण संपू दे.”

“मग मोठ्यानं वाचा. मलाही झोप नाही.”

चंद्रशेखरांनी भोवती पाहिलं, कान लाल झाले, आणि ते हळू आवाजात वाचू लागले. पलीकडच्या खाटेवर लखनौजवळच्या बख्शी का तालाब गावची एक आजी होती. मराठीचं अक्षर तिला कळत नव्हतं.

“तनिक जोर से, बाबूजी,” ती म्हणाली.

त्यानंतर ते रोज वाचत राहिले. पायलच्या वडिलांना गाडीचं तिकीट मिळत नव्हतं. ताप उतरला त्या दुपारी त्यांचा फोन आला.

“जयभीम साहेब. मी रामदास मेश्राम. आपण केलेल्या सहकार्याबद्दल मी व माझे कुटुंबीय आपले अत्यंत आभारी आहोत.” कागदावरून वाचावं तसं ते बोलत होते. “उद्या मी पोहोचतो. यापुढे आपण तसदी घेऊ नये.”

“घरीच उतरा.”

“नको. चारबागला हॉटेल बघतो.”

फोन ठेवला गेला. चंद्रशेखरांना कुणी दाराबाहेर काढल्यासारखं वाटलं. आपण असं काय केलं?

“तू बाबांना माझ्याबद्दल काही बोललीस?” त्यांनी पायलला विचारलं.

“चांगलंच बोलले. काका किती छान वाचतात, ते सांगते ना.”

“केव्हा?”

“रोज.”

चंद्रशेखर बराच वेळ पुस्तकाचं पान उलटायचं विसरले. भंडाऱ्यात एक माणूस रोज ते ऐकत होता. त्याचं पोट कसं दुखत असेल, हे लखनौत यांच्याइतकं कुणाला कळणार होतं?

“आता नको सांगूस,” ते म्हणाले.

सकाळी रामदास आले. बारीक, शर्टाची वरची गुंडी लावलेले, पिशवी छातीशी धरून दारातच उभे. चंद्रशेखर स्टुलावरून उठले. नेहमीप्रमाणे वाक्य जुळवायला लागले आणि जुळायच्या आतच बोलून गेले.

“बसा. ही कंटाळलीय मला. सारखं तुमचंच नाव घेते.”

“नाही हो काका, मी कुठं—” पायल म्हणाली.

“तू गप.”

रामदास स्टुलावर टेकले. त्यांनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला. एवढ्यात कमलताईंनी त्यांची पिशवी उचलली आणि घरी घेऊन गेल्या. विचारलंही नाही, आणि रामदासही नको म्हणाले नाहीत.

त्या दुपारी चंद्रशेखरांनी चिकटवलेलं पाकीट फाडून टाकलं आणि दुसरा कागद घेतला.

‘प्रिय डेनिस,’ त्यांनी लिहिलं, ‘उत्तराला उशीर झाला, कारण तुम्ही मला आवडत नव्हतात. अजूनही पुरते आवडत नाही. हॉटेल बघू नका. कमल तुम्हाला तिथं राहू देणार नाही. अनघाला जाड मोजे घ्यायला लावा. ती विसरते, आणि डिसेंबरात इथं धुकं हाडात शिरतं. आमच्या न्हाणीघराचं दार कित्येक वर्षं नीट लागत नाही. मला ते जमलेलं नाही, तेव्हा हत्यारं घेऊन या. पोहे मिळतील, लोण्याचं कमलशी बोला. मात्र लखनौत असेपर्यंत रविवारी वाचेन मी. तुम्ही दोघांनी ऐकायचं.’

आभार कुठंच नव्हते. त्यांनी दोनदा वाचून पाहिलं. फार उद्धट झालं का? एवढं हक्कानं लिहिण्याइतका हा माणूस आपला आहे का? इंग्रजीतही दोन जागा कच्च्या वाटल्या. सुधारायला बसलो तर मार्च उजाडेल, हे त्यांचं त्यांनाच कळलं, आणि ते चपला घालून निघाले.

पोस्टात खिडकीवरच्या मुलीनं पाकीट उलटसुलट पाहिलं.

“विदेश है, अंकल. स्पीड पोस्ट कर दें? जल्दी पहुँच जाएगा.”

जल्दी पोहोचेल म्हटल्यावर चंद्रशेखरांचा हात एकदा पाकिटाकडे गेला. मग त्यांनी तो मागं घेतला.

“कर दीजिए,” ते म्हणाले.

तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.